पोर्टातलं कुंकू

मला राग पटकन येतो, हे आमच्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता. चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तयार होतात. गेली चौदा वर्षं इथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. कोणी पासवर्ड विसरतं, कोणी पिना मारलेला कागद तसाच प्रिंटरमध्ये घालतं, आणि वर मलाच विचारतं, ‘सुरेंद्र सर, हे असं का झालं?’ अशा लोकांत राहून जो चिडत नाही तो एक तर संत असेल, नाहीतर त्याला काम कळत नसेल, असं मी म्हणायचो. मी संत नव्हतो, त्यामुळे मला काम कळतं असा सरळ हिशेब होता.

नवीन आलेल्या प्रत्येकाला माझं एक भाषण ऐकावं लागे. आधी लॉग बघायचा, मग माणसाला बोलायचं. लॉग म्हणजे कॉम्प्युटर स्वतःपुरती लिहितो ती डायरी. कोण आलं, काय लावलं, कोणी काय बदललं, सगळं वेळेसकट त्यात असतं. माणसं थापा मारतात, लॉग मारत नाही. हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की माझी नक्कल करायची झाली तर पोरं हेच वाक्य घेतात. असं भाषण देणाऱ्याने लॉगकडे ढुंकूनही न बघता एका बाईची अब्रू काढली, ती ही हकिगत.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. प्रेसला झेंडूचे हार, फोर्कलिफ्टपुढे नारळ, सगळ्यांना पेढे. क्वालिटी लॅबची पूजा शालनबाई करायच्या. शालनबाई म्हणजे ठेकेदाराच्या माणसांतल्या सफाईच्या बाई. वय पन्नाशीपुढे, चऱ्होलीहून यायच्या, आणि आठ वर्षं लॅबची फरशी त्यांनीच पुसलेली. लॅबमध्ये धुळीचा कण चालत नाही, म्हणून दर दोन तासांनी पोछा. पूजेचा मान त्यांना कोणी दिला असं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी घरून ताट आणलं, कॉम्प्युटरला आणि मोजमापाच्या मशीनला हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून ते काम त्यांचं झालं.

दसरा उरकून सोमवारी कंपनी उघडली. सव्वानऊला लॅबमधून आम्रपालीचा फोन आला. आम्रपाली तिथली इन्स्पेक्टर, कमी बोलणारी, कामाला चोख. मोजमापाचं मशीन आम्ही नेटवर्कला जोडलेलं नाही. बिजागऱ्यांची मापं पेन ड्राइव्हवर घ्यायची, तो शेजारच्या कॉम्प्युटरला लावायचा. लावला की स्क्रीनवर आपोआप खिडकी उघडते, आणि तिच्यातून रिपोर्ट छापायचा. रिपोर्ट हातात नसेल तर ट्रक गेटबाहेर जात नाही. त्या सकाळी पेन ड्राइव्ह लावून ती पाऊण तास बसली होती आणि खिडकी उघडत नव्हती.

मी पोचलो तेव्हा लॅबमध्ये जत्रा भरली होती. डिस्पॅचचे दोघे, लाइनवरचे चारपाच जण, आणि मध्ये हाताची घडी घालून आमचे प्लांट हेड दादासाहेब. खाली ट्रक उभा होता आणि गिऱ्हाइकाचे फोन चालू होते. मी कॉम्प्युटरकडे बघितलं. पुढच्या बाजूला, पेन ड्राइव्ह लावायची जी दोन पोर्टं असतात त्यांच्या बरोबर वर कुंकवाचं मोठं बोट. त्याखाली हळदीचा ओघळ, पोर्टाच्या कडेपर्यंत आलेला. कीबोर्डात अक्षतांचे दोन दाणे.

माझा पारा तिथेच चढला. तरी मी पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टात लावला. काही नाही. मागच्या बाजूला लावला. काही नाही. माझ्या खिशातला लावला, तरी काही नाही. एवढ्यावर माझा तपास संपला. चौदा वर्षांचा अनुभव, आणि तपासाला लागलेला वेळ दोन मिनिटं.

“याची पूजा कोणी केली?” मी विचारलं. कोणी केली ते मला पक्कं माहीत होतं.

शालनबाई पोछा घेऊन दारातच होत्या. “मी केली, साहेब. दर साली करते की.”

“दर साली करता म्हणून दर साली नशीब साथ देईल का? हे बघा. पोर्टात हळद गेली, शॉर्ट झालं, बोर्ड गेला. काय लावलंत, पाणी घालून लावलंत ना?”

“न्हाई, साहेब. नुसतं बोट टेकावलं. पानी न्हाई लावलं.”

“मग हा ओघळ काय आभाळातून पडला?”

कोणीतरी हसलं. मला ते हसणं आवडलं, हेही सांगून टाकतो. शालनबाई पुढे आल्या, वाकून पेन ड्राइव्हकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “पर साहेब, ह्यो दिवा तर लागतोय न्हवं?”

पेन ड्राइव्हच्या टोकाला बारीक निळा दिवा लागत होता. बोर्ड गेलेल्या पोर्टात दिवा लागत नाही. हे मला पोटापाण्याचा धंदा म्हणून माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंही. पण सगळे बघत होते.

“आता तुम्ही मला कॉम्प्युटर शिकवणार?” मी म्हणालो. “फरशी पुसा, बाई. नको तिथे हात घालता आणि निस्तरायला आम्ही. ही लॅब आहे, घरचं देवघर नाही.”

त्या पोछ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून तशाच उभ्या राहिल्या. आम्रपाली माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझ्या लॅपटॉपवरून रिपोर्ट छापून दिला. ट्रक गेला. दादासाहेब जाता जाता म्हणाले, “व्हाय-व्हाय भरून पाठवा. आणि रणजीतला सांगा, उद्यापासून लॅबला दुसरी बाई दे.” रणजीत म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर.

व्हाय-व्हाय हा आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीतला तक्ता. काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे म्हणे खरं कारण सापडतं. मी मोठ्या हौसेने भरला. पेन ड्राइव्ह का उघडला नाही? पोर्ट निकामी. का? हळदकुंकू आत गेलं. का? पूजा करताना काळजी घेतली नाही. का? निष्काळजीपणा. चार ‘का’मध्येच बाई सापडल्यावर पाचवा विचारायची गरज वाटली नाही. कुंकवाच्या बोटाचा फोटो काढला, त्यावर लाल फुली मारली, खाली ‘असे करू नये’ लिहिलं आणि कागद लॅबबाहेरच्या बोर्डावर लावला. एक प्रत रणजीतला पाठवली. शालनबाईंचं नावही घातलं होतं, कारण तक्त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना असतो आणि तो मोकळा ठेवलेला दादासाहेबांना चालत नाही.

मंगळवारी दुपारी पोर्टाचं नवीन कार्ड आलं. ते बसवायला मी लॅबमध्ये गेलो. एक अनोळखी बाई फरशी पुसत होती. आम्रपाली जेवायला गेली होती. कॉम्प्युटर बंद करण्याआधी, निव्वळ सवय म्हणून, मी लॉग उघडला.

सोमवार सकाळपासून पेन ड्राइव्ह सोळा वेळा लावला होता. सोळाही वेळा कॉम्प्युटरने तो ओळखला होता. कंपनी कोणती, किती जीबीचा, सगळं नीट लिहिलेलं. पोर्टं ठणठणीत होती. पेन ड्राइव्ह आत येत होता, फक्त खिडकी उघडायची नाही असं कॉम्प्युटरला कोणीतरी सांगून ठेवलं होतं.

 असं सांगायचं कसं आणि कुठे, हे या कंपनीत एकालाच येतं. अशा सूचना मी ठेवतो तो फोल्डर उघडला. चार ओळींची फाइल होती. पेन ड्राइव्ह दिसला तरी त्याच्याकडे दुर्लक्ष कर, असा तिचा अर्थ. आणि सगळ्यात वर, मी नेहमी लिहितो तशी टीप: ‘ऑडिटपुरतं. दुपारनंतर काढणे. सुरेंद्र.’ तारीख खंडेनवमीची, वेळ सकाळी आठ दहा.

सगळं आठवलं. त्या सकाळी गिऱ्हाइकाचा ऑडिटर यायचा होता. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावला तर तो आपोआप उघडता कामा नये, असा त्यांचा एक मुद्दा असतो. लॅबचं काम पेन ड्राइव्हवरच चालतं, म्हणून मी कायमचं बंद करण्याऐवजी तेवढ्या दिवसापुरतं केलं. ऑडिटर आला, त्याने तपासलं, शाबासकी दिली. ऑडिटसाठी लॅबचं काम त्या दिवशी बंदच होतं, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. दुपारी पूजा, पेढे, सगळे लवकर घरी. मी चार पेढे खाल्ले आणि फाइल विसरलो.

आता सांगायचं ते सांगताना अजूनही माझी मान वर होत नाही. मी ती फाइल काढून टाकली. पेन ड्राइव्ह लावला, खिडकी टचकन उघडली. सगळं ठीक झालं होतं. तरी मी स्क्रूड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटर उघडला आणि गरज नसलेलं ते नवीन कार्ड आत बसवलं. चारही स्क्रू नीट आवळले. आम्रपाली जेवून आली तेव्हा मी झाकण लावत होतो.

“कार्ड बदललं का सर?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“म्हणजे पोर्ट खरंच गेलं होतं?”

“मग काय गंमत म्हणून बदललं?”

ती खाली बसून कामाला लागली. मी हत्यारं आवरली आणि बोर्डावरच्या माझ्याच कागदासमोरून, त्याच्याकडे न बघता, खाली आलो.

बुधवार असाच गेला. दहा वेळा दादासाहेबांच्या केबिनकडे निघालो आणि दहा वेळा वाटेत दुसरं काम काढलं. चौदा वर्षं ज्यांना ज्यांना मी झाडलं होतं, ते सगळे डोळ्यांपुढे यायचे. त्यांना ही बातमी कळली तर कँटीनमध्ये महिनाभर दुसरा विषय नसता. मला शिक्षेची भीती नव्हती. मला त्या हसण्याची भीती होती, जे सोमवारी मला आवडलं होतं.

गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी थेरगावच्या घरी मृदुला, माझी बायको, भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, फक्त माणूस बदलून. म्हटलं, दुसऱ्या एका कंपनीत माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याने असं असं केलं.

“आणि त्या बाईचं काय झालं?” तिने विचारलं.

“माहीत नाही. काढली असेल.”

“आणि तो गप्प बसलाय?” मृदुलाने भाजी खाली ठेवली. “लाज नाही वाटत त्याला?”

“वाटते,” मी म्हणालो.

“वाटून काय उपयोग?” असं म्हणून तिने भाजीत पुन्हा हात घातला. तिने ओळखलं होतं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला गेटवरून फोन आला. “सर, तुम्हाला भेटायला बाई आल्यात. पास नाही, आत सोडता येत नाही.”

मी गेलो. शालनबाई गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आठ वर्षं याच गेटातून त्या बोट टेकवून हजेरी लावत आत यायच्या. मागून कंटेनर जात होते आणि त्या पदराने तोंड झाकून घेत होत्या. मला बघून त्यांनी पिशवीतून वहीचं एक पान काढलं. नातवाच्या वहीचं असावं, वर समासाची लाल रेघ होती.

“साहेब, कामातून काढलं मला,” त्या म्हणाल्या. “रणजीतसाहेब म्हनले, ज्यांची तक्रार हाय त्यांच्याकडं माफीचं लिवून दे, त्यांची सही आन, मंग दुसऱ्या कंपनीत लावतो. न्हाईतर न्हाई म्हनले. तुमचा कागद सगळीकडं गेलाय.”

मी पान हातात घेतलं. 

“मला सही तेवढी येती,” त्या म्हणाल्या. “लिवाया न्हाई येत येवढं. तुमीच लिवा. काय चुकलं ते तुमाला बरोबर म्हाईत हाय. मी चार दिस आठवून बघितलं, साहेब. बोट वलं व्हतं का कोरडं, कायबी आठवंना. वलंच असंल. तुमी काय उगाच बोलाल व्हय?”

एवढं ऐकल्यावर मला तिथे उभं राहवेना. सोमवारी त्यांना खात्री होती की पाणी लावलं नाही. माझ्यावरच्या विश्वासाने त्यांनी ती खात्री स्वतःच्या हाताने मोडून टाकली होती. वॉचमनच्या टेबलावर पान ठेवून मी लिहायला बसलो.  पाचसहा ओळी झाल्या. मग मी त्यांना वाचून दाखवलं.

‘मी सुरेंद्र, कॉम्प्युटर विभाग. खंडेनवमीच्या सकाळी लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये मी स्वतः एक बदल केला आणि तो परत काढायला विसरलो. पेन ड्राइव्ह त्यामुळे उघडत नव्हता. पोर्ट खराब झालं नव्हतं. शालनबाईंच्या पूजेचा याच्याशी काही संबंध नाही. चूक माझी आहे. न तपासता मी त्यांना सर्वांसमोर बोललो आणि त्यांच्या नावाने खोटा कागद केला, त्याची मी माफी मागतो.’

वॉचमनने रजिस्टरमधून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली.

“म्हंजी मी काय केलंच न्हाई?” शालनबाईंनी विचारलं.

“नाही.”

“तुमाला कवा कळलं?”

खोटं बोलायची वेळ खरं तर इथे होती. तीन दिवस पुढे ढकलून ‘आजच’ म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण माझ्या तोंडून “मंगळवारी” असं गेलं.

शालनबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “सही करा.” मी केली. मी पान पुढे केलं तर त्यांनी ते घेतलं नाही. “माझ्यापाशी ठिवून काय करू? उद्या सकाळच्या मीटिंगीत वाचा. मला बोललात तवा समदी व्हती. आन मला पास काढून द्या, मला ऐकायचंय.”

पास मी काढला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते वॉचमनने विचारलं. मी म्हणालो, “सुरेंद्र सरांचं काम.”

शनिवारी सव्वाआठला प्रेस लाइनजवळ साठेक माणसं उभी होती. आधी सुरक्षेची शपथ झाली, मग कालचं उत्पादन वाचलं गेलं. मग मी पुढे झालो आणि वहीचं पान उघडलं. शालनबाई खांबाशेजारी, व्हिजिटरचं कार्ड गळ्यात घालून उभ्या होत्या.  मी एकही शब्द न गाळता वाचलं, आणि शेवटी कागदात नव्हतं तेही सांगितलं, की मला हे मंगळवारीच कळलं होतं, आणि लॅबमधलं नवीन कार्ड मी केवळ लपवायला बसवलंय. आम्रपाली मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होती. कोणी हसलं नाही.

मी दादासाहेबांकडे बघितलं. काय ऐकावं लागेल याची चार दिवस मनात उजळणी केली होती.

“अरे, होतं असं, सुरेंद्रराव,” दादासाहेब म्हणाले. “ऑडिटची गडबड, त्यात सण. राहून जातं एखादं. तो बोर्डावरचा कागद काढा, आणि व्हाय-व्हायमध्ये ‘सिस्टिम सेटिंग’ म्हणून टाका. शालनबाई, तुम्ही सोमवारपासून या परत. चला, कामाला लागा.”

मीटिंग संपली की तीन टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या वाजल्या आणि माणसं पांगली. जाताना दोघातिघांनी माझ्या पाठीवर थापही मारली. शालनबाईंच्या बाबतीत जो निष्काळजीपणा होता, तो माझ्या बाबतीत अर्ध्या मिनिटात सिस्टिम सेटिंग झाला होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शालनबाई तिथेच उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी त्यांच्याजवळ गेलो. “शालनबाई, चुकलो मी.”

“झालं?” त्यांनी विचारलं. “येवढंच व्हतं व्हय?”

“हो.”

“तुमाला तर कोन कायबी बोललं न्हाई.” त्या हे टोचून म्हणत नव्हत्या. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. “मंग मंगळवारीच का न्हाई सांगितलं, साहेब?”

उत्तर मला माहीत होतं. यांचं काम गेलं तरी चालेल, पण आपलं हसं होता कामा नये, असं मी चार दिवस ठरवून बसलो होतो. साठ माणसांपुढे बाकी सगळं वाचून दाखवलं, पण हे एकट्या त्यांना सांगायला मला तोंड उघडता आलं नाही.  त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि त्या गेटकडे निघून गेल्या.